बॉनव्हिलचा क्लच घसरतोय, आणि प्रायमरीतलं तेल नक्की कुणाचं?

एकटा_रायडर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ट्रायम्फ टी१२०आर बॉनव्हिल आहे, ६५० सीसी. कागदपत्रांवर साल १९६९. दोन वर्षांपासून मीच चालवतो आणि जमेल तेवढं काम स्वतः करतो.

सध्याचा त्रास असा. गाडी गार असताना पहिला गियर टाकला की मोठा खटका बसतो आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू बघते. गरम झाली की बरोबर उलट. तिसऱ्या-चौथ्यात चढावर मूठ पिळली की इंजिनाचा आवाज वर चढतो, वेग मात्र आहे तेवढाच. म्हणजे गार असताना क्लच सुटत नाही आणि गरम झाल्यावर धरत नाही. एकाच क्लचला दोन्ही दुखणी कशी?

मॅन्युअलमध्ये प्रायमरीला, म्हणजे क्लच आणि त्याची चेन असलेल्या डाव्या बाजूच्या खोलीला, ३५० सीसी तेल सांगितलंय. क्लचसाठी एटीएफ (ऑटोमॅटिक गियरच्या गाड्यांचं पातळ तेल) उत्तम असं बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून महिन्यापूर्वी जुनं तेल काढून ३५० सीसी लाल एटीएफ मापून भरलं. पहिले दोन दिवस क्लच इतका हलका आणि स्वच्छ चालला की मला वाटलं प्रश्न मिटला. मग हळूहळू पुन्हा तेच. परवा बूच उघडून पाहिलं तर आत काळपट तेल. लाल रंगाचा मागमूस नाही. ऑइल टाकीतली पातळी मात्र किंचित वर आल्यासारखी दिसते.

प्लेटांचा नवीन सेट आणि कडक स्प्रिंगा मागवायच्या बेतात आहे. मागवू का?

किकस्टार्ट

घसरतोय म्हणजे प्लेटा गेल्या. मी माझ्या गाडीला प्लेटा आणि स्प्रिंगा एकदमच बदलल्या, तेव्हापासून तक्रार नाही. एटीएफचं म्हणाल तर मी वर्षानुवर्षं तेच वापरतो. माझी १९६५ ची आहे.

चेनकेस

एकटा_रायडर, कृपया अजून काहीही मागवू नका. आधी एक सांगा. इंजिन नंबरच्या सुरुवातीला दोन अक्षरं ठोकलेली असतील, ती कोणती? पूर्ण नंबर इथे लिहू नका, फक्त ती दोन अक्षरं.

एकटा_रायडर

आत्ताच खाली जाऊन पाहिलं. 'एन' आणि 'डी'.

चेनकेस

मला हीच शंका होती. तुमची गाडी १९६९ साली बनली हे खरं, पण ती १९६९ चं मॉडेल नाही.

१९६९ च्या मॉडेलपासून ट्रायम्फने इंजिन नंबरात महिना आणि वर्ष सांगणारी अक्षरं घालायला सुरुवात केली. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं हंगामाचं. 'एन' म्हणजे ऑक्टोबर आणि 'डी' म्हणजे १९७० चा हंगाम. कारखान्याचा नवा हंगाम आदल्या वर्षीचा उन्हाळा सरताना सुरू व्हायचा. त्यामुळे ऑक्टोबर १९६९ मध्ये मेरिडनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली तुमची गाडी १९७० चं मॉडेल ठरते. कागदावरचं साल बरोबर आहे, पण तुम्ही ज्या मॅन्युअलातला आकडा घेतलात ते तुमच्या इंजिनाचं नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, ते जरा सविस्तर लिहितो. या एका बदलामुळे असंख्य लोक विनाकारण प्लेटा बदलत बसतात.

१९६९ च्या मॉडेलपर्यंत इंजिनाचा श्वास इनलेट कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या फिरत्या चकतीतून बाहेर पडायचा. क्रँकच्या डाव्या बेअरिंगच्या बाहेर ऑइल सील असायचं. त्यामुळे क्रँककेस आणि प्रायमरीची चेनकेस या दोन स्वतंत्र खोल्या होत्या. प्रायमरीचं तेल तिचं तिचं, ३५० सीसी, आणि ते तुम्ही हवं ते निवडायचं. किकस्टार्ट यांची १९६५ ची गाडी अशीच आहे, म्हणून त्यांचं एटीएफ त्यांना लाभतं.

१९७० च्या मॉडेलला ही पद्धत बदलली. ते सील काढून टाकलं आणि दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीला तीन बारीक भोकं पाडली. आता क्रँककेसमधली हवा, तिच्यासोबत तेलाचे तुषार, बेअरिंगमधून थेट चेनकेसमध्ये येतात. हवा चेनकेसच्या मागच्या बाजूने एका जाड नळीतून बाहेर जाते आणि तेल खाली बसतं. बसलेलं तेल भोकांच्या उंचीपर्यंत आलं की जास्तीचं परत क्रँककेसमध्ये वाहून जातं. म्हणजे चेनकेसची पातळी त्या भोकांनीच ठरते. तुम्ही किती ओतलं याला काही दिवसांनी अर्थ उरत नाही.

आता तुमचं ३५० सीसी एटीएफ बघा. भोकांच्या वरचं सगळं क्रँककेसमध्ये उतरलं, पंपाने ते उचलून टाकीत नेलं, म्हणून टाकीची पातळी वाढली. त्याच्या बदल्यात इंजिनाचं तेल चेनकेसमध्ये आलं, म्हणून लाल रंग गेला. पहिले दोन दिवस क्लच चांगला चालला, कारण तेवढे दिवस प्लेटांवर खरोखर एटीएफ होतं.

चिंतेची गोष्ट अशी की ते एटीएफ आता इंजिनात फिरतंय. क्रँकच्या बिग एंडला साधी शेल बेअरिंग्ज आहेत, ती तेलाच्या थरावर तरंगतात. इंजिनाच्या तेलात पातळ एटीएफ मिसळलेलं त्यांना मुळीच चालणार नाही. गाडी चालवू नका. टाकी, संप (इंजिनाच्या तळाशी तेल जमतं ती जागा) आणि चेनकेस तिन्ही रिकामी करा. मग दोन गोष्टी कळवा. चेनकेसमधून किती निघालं, आणि टाकीत आजवर कोणतं तेल भरत होतात.

अक्षरांवर शंभर टक्के विसंबू नका हेही सांगतो. इतक्या वर्षांत कुणी केस बदलल्या असतील, कुणी जुन्या इंजिनाला नवी पद्धत केली असेल. क्लच बास्केट (प्लेटा ज्यात बसतात ती वाटी) काढल्यावर टॉर्च मारून ती तीन भोकं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जुनं_लोखंड

चेनकेस यांनी फार महत्त्वाचा मुद्दा सांगितला. मी नॉर्टनवाला आहे, पण तत्त्व तेच. क्लच बिघडला की पहिला प्रश्न, आत तेल कुणाचं?

माझ्या नॉर्टन कमांडोचं उदाहरण देतो. कमांडोच्या प्रायमरीत जेमतेम २०० सीसी तेल लागतं. माझा क्लच गरम झाल्यावर घसरायचा आणि सकाळी प्लेटा एकमेकींना चिकटून बसायच्या. प्लेटा धुतल्या की तीन-चारशे किलोमीटर ठीक, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी प्लेट नाकाजवळ नेली आणि गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास आला. गियर ऑइल! गियरबॉक्समधलं ईपी ९० मेनशाफ्टच्या पोकळीत पुशरॉडच्या (क्लच सोडवणाऱ्या दांडीच्या) कडेकडेने सरकत थेट क्लचच्या मधोमध येत होतं. गियरबॉक्सची पातळी जास्त ठेवली की हे आणखी वाढतं. मी पुशरॉडवर बसणारं छोटं सील घातलं, गियरबॉक्सची पातळी बरोबर पातळीच्या स्क्रूपर्यंत ठेवली, प्लेटा एकदाच शेवटच्या धुतल्या. त्याला आता सहा वर्षं झाली.

म्हणून तेल काढाल तेव्हा पांढऱ्या वाटीत काढा. लाल दिसलं तर एटीएफ, काळं आणि किंचित जळका वास असेल तर इंजिनाचं, दाट आणि गंधकाचा वास असेल तर गियरबॉक्सचं. इतकं बघायला पाच मिनिटं लागतात.

एकटा_रायडर

चेनकेस, जुनं_लोखंड, मनापासून आभार. रविवार सगळा यातच गेला, पण डोळे उघडले.

गाडी त्याआधी तीन आठवडे उभी होती. चेनकेसमधून ४५० सीसी निघालं. संपचं बूच काढलं तर तिथून जवळजवळ ६०० सीसी! मी घाबरलोच. टाकीतलं तेल म्हणाल तर मोटारीसाठीचं, पूर्ण सिंथेटिक, पातळ ग्रेडचं. डब्यावर इंधन वाचवणारं असं ठळक लिहिलंय. महाग आहे म्हणजे चांगलं असेल, या समजुतीने दोन वर्षं तेच घालत होतो.

वासात गंधक नाही.

चेनकेस

मग चित्र जवळजवळ पूर्ण झालं.

तुमच्या इंजिनात इंजिनाचं तेल हेच क्लचचं तेल आहे. मोटारीचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे मोटारीच्या इंधन वाचवणाऱ्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं मोकळेपणाने घालतात. तीच रसायनं तुमच्या प्लेटांवर दोन वर्षं बसत आली आहेत. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी जॅसो या जपानी मानकात 'एमए' हा वर्ग आहे. डब्यावर एमए किंवा एमए२ असेल तर क्लच धरेल असं तेल. 'एमबी' लिहिलेलं घेऊ नका, ते कमी घर्षणाचं असतं आणि गियरलेस स्कूटरांना चालतं. तुमच्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० ग्रेडचं, एमए छापाचं तेल घाला. इतक्या जुन्या इंजिनात पातळ सिंथेटिकने काही मिळत नाही.

आता ते ६०० सीसी. गाडी उभी असताना टाकीतलं तेल हळूहळू पंपातून खाली संपमध्ये झिरपतं. तुमच्या पंपात प्रत्येक प्लंजरखाली एक गोळी असते, स्प्रिंगने बसलेली. फीडच्या, म्हणजे इंजिनाला तेल पुरवणाऱ्या, बाजूच्या गोळीखाली कचरा अडकला किंवा तिची बैठक खराब झाली की टाकी रात्रंदिवस गळत राहते. संप भरला की तेल त्या भोकांतून चेनकेसमध्ये पसरतं, आणि क्लच अर्धा बुडालेल्या अवस्थेत सुरू होतो. दाट गार तेलात बुडालेल्या प्लेटा सुटणार कशा? तुमच्या सकाळच्या खटक्याचा मोठा भाग हाच आहे.

पंप काढा, गोळ्या आणि बैठका स्वच्छ करा. गोळी जागेवर ठेवून पितळी दांड्याने एक हलका ठोका दिला की बैठक नीट होते. स्प्रिंग थकली असेल तर बदला. फीडच्या नळीवर तोटी बसवण्याचा सल्ला पुष्कळ देतील, पण मी कधीच देणार नाही. एक दिवस ती उघडायची विसरते आणि इंजिन काही मिनिटांत जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेघा_पाना

मी क्लचबद्दल लिहिते, कारण तेल बरोबर झालं तरी प्लेटांवर जे बसलंय ते काढावंच लागेल. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, दोन्ही दुखणी एकत्र कशी, याचं एक उत्तर अजून राहिलंय.

डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला करून कव्हर काढा. कव्हरचे स्क्रू थोडे थोडे आडव्या-उभ्या क्रमाने सोडा. प्रेशर प्लेटवर तीन स्प्रिंगा आणि तीन खाचवाले नट दिसतील. नटाखाली बारीक उंचवटा असतो, तो स्प्रिंगच्या टोकाला अडकतो म्हणजे नट आपोआप सुटत नाही. म्हणून नट सोडताना स्प्रिंग पातळ पात्याने जरा आत दाबून धरा, नाहीतर खाच खराब होते. जुन्या रुंद स्क्रूड्रायव्हरच्या मधोमध खाच कापून घेतली की त्याचाच उत्तम पाना होतो.

प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. घर्षणाच्या प्लेटा पेट्रोलमध्ये किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, पुसा, वाळू द्या, आणि तेल बाहेर यायचं थांबेपर्यंत पुन्हा धुवा. वर काचेसारखी चकाकी असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलकेच फिरवा. स्टीलच्या साध्या प्लेटा काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घाला. वाकलेली प्लेट सरळ करायच्या फंदात पडू नका, बदला. निळी पडलेली असेल तरी बदला.

बास्केटच्या खाचांकडे नीट बघा. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं आपटून खाचांच्या कडेला पायऱ्या पडतात. क्लच दाबल्यावर प्लेट त्या पायरीत अडकते आणि सुटतच नाही. बारीक कानशीने कडा सपाट करा, पण दोन्ही बाजूंनी सारखं घासा.

आता मुख्य गोष्ट. जोडताना तिन्ही नट आधी स्टडच्या टोकाशी समपातळीत आणा. मग क्लच दाबून किक हळूहळू फिरवा आणि प्रेशर प्लेटकडे बाजूने बघा. ती बहुतेक डुलताना दिसेल. ज्या बाजूला जास्त बाहेर येते तिथला नट अर्धा फेरा आत, पुन्हा बघा. ती अगदी सरळ फिरेपर्यंत हे करत राहा, अर्धा तास लागला तरी चालेल. डुलणारी प्रेशर प्लेट एका बाजूने प्लेटा सोडत नाही आणि दुसऱ्या बाजूने पुरत्या दाबत नाही. एकच क्लच घसरतोही आणि अडकतोही, तो असा. कडक स्प्रिंगांनी हे दुरुस्त होत नाही, फक्त लीव्हर जड होतो.

मग मधला ॲडजस्टर. हँडलकडची क्लच वायर पूर्ण ढिली करा. लॉकनट सोडून स्क्रू पुशरॉडला टेकेपर्यंत आत न्या, मग अर्धा ते एक फेरा मागे घेऊन लॉकनट आवळा. शेवटी वायरीला लीव्हरपाशी सुमारे ३ मिलिमीटर खेळ ठेवा. हा खेळ नसेल तर पुशरॉडचं टोक सतत घासतं, निळं पडतं, झिजतं, आणि क्लच पुन्हा घसरू लागतो.

बास्केट काढायची असेल तर हबसाठीचा पुलर लागेलच. हब टेपरवर बसलेला असतो, हातोडीने तो निघत नाही, शाफ्ट मात्र बिघडतो. आत वीस रोलर आहेत. खाली फडकं अंथरा आणि काढल्यावर मोजा. बसवताना ग्रीसने चिकटवा.

उघडलंच आहे तर ऑल्टरनेटरचा रोटर पुसून घ्या, चुंबक असल्यामुळे लोखंडाचा भुगा तिथेच जमतो. चेनचा ताणही तपासा. मध्यभागी १२ मिलिमीटरच्या आसपास खेळ हवा, आणि तो चेन फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा. टेन्शनरचा स्क्रू खालच्या ड्रेन बुचाच्या भोकातूनच फिरतो.

धूळवाट

धागा वाचून माझी शंका विचारतो. माझी १९६६ ची बॉनव्हिल, म्हणजे सीलवाली. प्रायमरीत ३५० सीसी एटीएफ घालतो, पण दोनशे किलोमीटरनंतर काढलं तर ५०० सीसी काळं तेल निघतं. माझ्याकडे तर भोकं नाहीत. मग?

चेनकेस

तुमचं क्रँकचं सील गेलंय. सीलचा ओठ फाटला असेल, किंवा बसवताना उलटा दुमडला असेल. क्रँककेसमधला दाब इंजिनाचं तेल तिथून ढकलतो. सील बदलताना ज्यावर ते घासतं तो पृष्ठभाग नखाने तपासा, चर लागत असेल तर नवं सीलही टिकणार नाही. आधी ब्रीदरची (इंजिनाच्या श्वासाची) नळी मोकळी आहे ना तेही बघा. ती तुंबलेली असेल तर चांगलं सीलही गळू लागतं.

उलट ज्यांची प्रायमरी रिकामी होते आणि मागची चेन तेलात न्हाते, त्यांनी गियरबॉक्स स्प्रॉकेटच्या समोरची गोल प्लेट काढून तिचं सील आणि कागदी गॅस्केट बघावं.

किकस्टार्ट

मी वर सरळ प्लेटा बदला असं लिहिलं होतं, तो सल्ला या गाडीसाठी चुकीचा होता. साल विचारायला हवं होतं. चेनकेस, या तीन भोकांबद्दल मला खरंच माहिती नव्हती.

एकटा_रायडर

पंधरा दिवसांनी लिहितोय.

भोकं आहेत, तिन्ही स्वच्छ दिसली. पंपाच्या फीडच्या गोळीखाली गॅस्केट सीलंटचा एक चिवट तुकडा सापडला, आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीतला. तो काढला, बैठक नीट केली. बास्केटच्या खाचांत बऱ्यापैकी पायऱ्या होत्या, त्या घासल्या. प्लेटा मात्र जाडीला उत्तम निघाल्या! तीन वेळा धुतल्यावर कुठे फडक्यावर डाग यायचा थांबला. एक स्टील प्लेट वाकलेली होती, तेवढीच बदलली. मेघाताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रेशर प्लेट सरळ करायला मला अर्धा नाही, सव्वा तास लागला. एक नट दुसऱ्यांपेक्षा जवळजवळ दोन फेरे बाहेर होता.

टाकीत २०डब्ल्यू-५० एमए तेल भरलं. चेन पहिल्या काही मिनिटांत कोरडी पळू नये म्हणून चेनकेसमध्ये तेच तेल दीडशे सीसी ओतलं. चारशे किलोमीटर झाले. चढावर चौथ्यात मूठ पूर्ण पिळली, आवाज आणि वेग एकदम वाढले. सकाळी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन किका मारतो, प्लेटा मोकळ्या होतात, मग पहिला गियर अलगद पडतो. जुन्या स्प्रिंगाच आहेत, लीव्हर दोन बोटांनी दाबता येतो.

आठ दिवस उभी ठेवून आज संपचं बूच पुन्हा काढलं. ७० सीसी.

मेघा_पाना

फार छान वाटलं वाचून. पाचशे किलोमीटर झाले की मधला ॲडजस्टर आणि वायरीचा खेळ पुन्हा एकदा तपासा, धुतलेल्या प्लेटा थोड्या बसतात. आणि हे पहिलं तेल लवकर बदला, आत कुठेतरी थोडं एटीएफ राहिलेलं असेल.